लेथची बैठक आणि पाणसळ

धातू कातण्याचे लेथ पाहणाऱ्याच्या मनात भक्कमपणाची भावना निर्माण करते. बिडाचा जाड बेड, त्याच्या डाव्या टोकाला जड हेडस्टॉक, खाली रुंद पाय, आणि लहान कर्मशाळेतील यंत्राचेही वजन पुष्कळदा पाचशे ते हजार किलोच्या घरात. असे यंत्र जमिनीवर ठेवून बोल्टांनी आवळले की ते कायमचे स्थिर झाले, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांपैकी एखादा बोल्ट पान्याने पाव फेरा अधिक आवळला, तरी बेडचा आकार बदलू शकतो. हा बदल डोळ्यांना दिसत नाही व हाताला जाणवत नाही. परंतु त्या लेथवर कातलेल्या प्रत्येक दंडावर तो उमटतो. लेथ विकत घेणारा मनुष्य यंत्राची किंमत, त्याची लांबी, मोटरची ताकद या गोष्टींची बारकाईने चौकशी करतो. ते यंत्र बसवावे कसे, हा प्रश्न मात्र तो हमाल आणि गवंडी यांच्यावर सोपवून मोकळा होतो. या प्रकरणात आपल्याला त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम लेथचे कार्य कसे चालते ते पाहू. वस्तू फिरती ठेवून तिला हत्यार लावायचे व तिला गोल आकार द्यायचा, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी, कर्नाटकातील चन्नपट्टणची किंवा आंध्रातील एटिकोप्पाकाची लाखेने रंगवलेली खेळणी याच तत्त्वावर तयार होतात, आणि हे काम करणाऱ्यास मराठीत कातारी हा स्वतंत्र शब्दही आहे. कातारी हत्यार आपल्या हातात धरतो. वस्तू किंचित जाड राहिली, तर त्याची नजर ते ओळखते आणि हात ते दुरुस्त करतो. धातूच्या लेथमध्ये हत्यार माणसाच्या हातातून काढून घेतलेले असते. ते कॅरेजवर घट्ट पकडलेले असते आणि कॅरेज बेडवरील मार्गांवरून सरकते. फ्रान्समध्ये व्होकाँसाँ याने अठराव्या शतकाच्या मध्याला लोखंडी मार्गांवरून हत्यार सरकवणारे लेथ तयार केले होते. पुढे इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० सालाच्या सुमारास मळसूत्र कातणारे लेथ बनवले. तेव्हापासून कातण्याची अचूकता कारागिराच्या हाताकडून बेडच्या सरळपणाकडे आली. बेड सरळ असेल, तर दंड सरळ. बेडमध्ये दोष असेल, तर कारागीर कितीही कुशल असला तरी तो दोष दंडात उतरणार.

बेडचा हा दोष अनेक प्रकारचा असू शकतो. परंतु यंत्र बसवताना जो दोष निर्माण होतो तो बहुधा एकाच प्रकारचा असतो, आणि तो म्हणजे पीळ. ओले फडके पिळताना आपण त्याची दोन टोके विरुद्ध दिशांना फिरवतो. बेडच्या एका टोकाचा पुढचा पाय थोडा खाली आणि दुसऱ्या टोकाचा मागचा पाय थोडा खाली, अशी स्थिती असेल, तर बिडाच्या त्या जाड ओतीव वस्तूलाही तसाच, अर्थात अतिशय सूक्ष्म, पीळ बसतो. बीड कठीण असते आणि कठीण वस्तू वाकत नाही, असा आपला समज असतो. वस्तुतः प्रत्येक घन पदार्थ भाराखाली थोडा तरी वाकतो. किती वाकतो एवढाच प्रश्न. शिवाय बेडची रचनाच अशी असते, की उभ्या भारापुढे तो ताठ राहतो, पण पिळाला सहज बळी पडतो. याचा प्रत्यय घ्यायचा असेल, तर बुटांचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके घ्यावे. झाकण चिकटवून बंद केलेले खोके दोन हातांनी पिळून पाहा. ते दाद देत नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. तेच खोके मऊ पडते. लेथचा बेड बहुतेक या उघड्या खोक्यासारखा असतो, कारण कातलेला किस खाली पडावा यासाठी त्याचा मधला भाग मोकळा ठेवावा लागतो. दोन बाजूंच्या भिंतींना जोडणाऱ्या आडव्या किंवा नागमोडी पट्ट्या ओतून कारखानदार हा दुबळेपणा कमी करतो. पण तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. आणि बेड जितका लांब, तितका तेवढ्याच जोराने त्याला बसणारा पीळ अधिक.

आता हा जोर येतो कोठून? घरातील खाटेचे उदाहरण घेऊ. अंगण उंचसखल असेल, तर खाटेचे तीन पाय टेकतात आणि चौथा अधांतरी राहतो. खाटेवर माणूस बसला की तो पायही टेकतो. पण त्यासाठी खाटेची चौकट पिळलेली असते. तिवईला हा त्रास कधीच होत नाही, कारण तीन पाय कोणत्याही जमिनीवर टेकतात. लेथ हे चार पायांचे (मोठे असेल तर सहा किंवा आठ पायांचे) यंत्र आहे. ते नुसते ठेवलेले असते तेव्हा त्याचे स्वतःचे वजनच चौथा पाय टेकवण्याचा प्रयत्न करते. उरलेली कसर बोल्ट भरून काढतो. बोल्टाची शक्ती मोठी असते. पाय आणि स्टँड यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट असली, तरी बोल्ट ती निमूटपणे मिटवतो, आणि बोल्ट घट्ट बसला म्हणून बसवणाऱ्याला समाधान वाटते.

या पिळाचा दंडावर काय परिणाम होतो, याचा हिशेब अवघड नाही. समजा, बेडची दोन टोके एकमेकांच्या तुलनेत मीटरला ०.१ मिलिमीटर या प्रमाणात कलली आहेत. म्हणजे, आडवी एक मीटर लांबीची पट्टी बेडवर ठेवली, तर तिचे एक टोक ०.१ मिलिमीटरने, लिहिण्याच्या साध्या कागदाच्या जाडीइतके, खाली जाईल. हत्यार बेडच्या माथ्यापासून सुमारे १६० मिलिमीटर उंचीवर असते. कॅरेज जसजशी टेलस्टॉककडे जाते तसतशी ती पुढे झुकते, आणि त्या उंचीवरचे हत्यारही वस्तूपासून दूर सरते. हे अंतर ०.०१६ मिलिमीटर भरते. दंड गोल असल्यामुळे व्यासात त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.०३२ मिलिमीटर फरक पडतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु २५ मिलिमीटर व्यासाच्या दंडावर बेअरिंग बसवायचे असेल, तर त्या जागेच्या व्यासात सामान्यतः एकूण १३ मायक्रॉन, म्हणजे ०.०१३ मिलिमीटर, इतकाच फरक चालतो. कागदाच्या जाडीएवढ्या पिळाने त्या मर्यादेच्या अडीचपट चूक होते. बेअरिंग एका टोकाला सैल आणि दुसऱ्या टोकाला घट्ट बसते; पंप काही महिने चालतो आणि मग आवाज करू लागतो.

यात खरा धोका वेगळाच आहे. दंड निमुळता निघू लागला की नवा मालक यंत्राला दोष देतो. हेडस्टॉक वाकडा बसवलेला असावा, असे त्याला वाटते, किंवा कोणीतरी तसे सांगते. मग हेडस्टॉकचे बोल्ट सैल केले जातात, कारखान्यात तासन् तास खरवडून जुळवलेली त्याची बैठक हलवली जाते, आणि दंड सरळ निघेपर्यंत त्याला इकडे तिकडे ठोकले जाते. दंड सरळ निघतोही. पण आता यंत्रात एका दोषाऐवजी दोन दोष झाले, आणि ते एकमेकांना झाकत आहेत. चकमध्ये धरलेल्या आखूड वस्तूचा तोंडचा पृष्ठभाग कातावा, तर तो सपाट न येता खोलगट किंवा फुगीर येतो. पुढे केव्हातरी यंत्राची जागा बदलते, जुना पीळ जाऊन नवा येतो, आणि मग मूळ दोष कोणता होता हे शोधणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. अनेक चांगली यंत्रे अशी दुरुस्तीपायी बिघडली आहेत. यंत्रातील कोणताही स्क्रू हलवण्यापूर्वी त्याची बैठक तपासावी, हा नियम अनुभवी फिटर इतक्या आग्रहाने सांगतात तो याच कारणाने.

बैठक तपासण्याचे नेहमीचे साधन म्हणजे पाणसळ. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लेथ पाणसळीत बसवावे असे म्हणतात, तेव्हा ते पृथ्वीच्या संदर्भात अगदी आडवे असलेच पाहिजे, असा अर्थ बहुतेक लोक घेतात. तसे काही नाही. दुरुस्तीसाठी मोठ्या जहाजांवर लेथ असते आणि जहाज लाटांवर डोलत असतानाही त्यावर दंड कातले जातात. तेथे पाणसळीचा बुडबुडा क्षणभरही एका जागी राहणार नाही. पण संपूर्ण यंत्र एकसंधपणे कलत असते, त्याला पीळ बसत नाही, म्हणून काम बिघडत नाही. बेड थोडा उताराला असला, तर फार तर थंडाव्याचे द्रावण एका बाजूला साचेल. आपल्याला हवे असते ते एवढेच, की बेडच्या दोन्ही टोकांचा कल सारखा असावा. दोन दूरच्या जागांचे कल ताडून पाहण्यासाठी एखादी तिसरी, न बदलणारी दिशा हाताशी असावी लागते. गुरुत्वाकर्षण अशी दिशा सर्वत्र फुकट पुरवते. म्हणून पाणसळ वापरायची.

पाणसळ हा शब्द मराठीत गवंड्याच्या ओळंब्याबरोबर नांदतो आणि त्याच्या नावातच पाणी आहे. काचेच्या बंद नळीत द्रव व त्यात बुडबुडा, हे तिचे आजचे रूप मात्र १६६१ सालच्या सुमाराचे असून ते मेल्शिसेदेक तेव्हनो या फ्रेंच विद्वानाच्या नावावर आहे. नळी सरळ दिसते, पण तिची आतली बाजू किंचित कमानदार घासलेली असते, आणि बुडबुडा त्या कमानीच्या सर्वांत उंच जागी जाऊन थांबतो. कमान जितकी सपाट, तितकी पाणसळ संवेदनक्षम. गवंड्याची पाणसळ मीटरला अर्धा ते एक मिलिमीटर एवढा कल दाखवते. भिंतीसाठी ते पुरेसे आहे, लेथसाठी निरुपयोगी. यंत्रे बसवण्याच्या पाणसळीत नळीवरचे एक घर मीटरला ०.०२ मिलिमीटर एवढा कल दर्शवते. घरांमधील अंतर सुमारे दोन मिलिमीटर धरले, तर त्या नळीतील कमान १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असते. तळहातावर मावणाऱ्या काचेत एवढे विशाल वर्तुळ घासून बसवलेले असते, ही गोष्ट थोडी थांबून विचार करण्याजोगी आहे.

एवढे नाजूक साधन वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. २०० मिलिमीटर लांबीच्या पाणसळीच्या एका टोकाखाली चार मायक्रॉनची काही वस्तू आली, तर बुडबुडा एक घर सरकतो. हवेतील धुळीचे कण याहून मोठे असू शकतात. म्हणून बेडचा मार्ग आणि पाणसळीचा तळ आधी फडक्याने आणि शेवटी स्वच्छ तळहाताने पुसावा. तळहाताला जाणवणारा कण फडक्यातून निसटतो. नळीला बोट लावू नये आणि तिच्यावर श्वास सोडू नये, कारण उष्णतेने द्रव प्रसरण पावतो व बुडबुडा आखूड होतो. ठेवल्यावर लगेच वाचन घेऊ नये. बुडबुडा स्थिरावेपर्यंत थांबावे. पाणसळ स्वतःच चुकीची असण्याची शक्यताही असते. ती ओळखण्याची युक्ती सोपी आहे: एकदा वाचन घ्यावे, मग पाणसळ त्याच जागी टोकाशी टोक उलटून ठेवावी व पुन्हा घ्यावे. दोन्ही वेळी बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूला, सारख्याच अंतरावर गेला, तर पाणसळ खरी. तसे नसेल, तर दोन वाचनांची सरासरी हा बेडचा खरा कल समजावा. सर्वांत स्वस्त पाणसळसुद्धा या रीतीने प्रामाणिकपणे वापरता येते.

यंत्र जागेवर आणण्याविषयी थोडक्यात सांगणे पुरे. जमीन काँक्रीटची असावी आणि काँक्रीट पूर्णपणे मुरलेले असावे. जागा खिडकीच्या थेट उन्हात नसावी. एक मीटर बीड दर अंशाला सुमारे १० मायक्रॉन वाढते, आणि ऊन बेडच्या एकाच बाजूवर पडले, तर तो दिवसातून दोनदा आपला आकार बदलेल. लेथ उचलताना दोर किंवा साखळी बेडलाच घालावी. लीड स्क्रू हा समोर सोयीस्कर दांड्यासारखा दिसतो, पण त्याला साखळी अडकवून उचललेले यंत्र पुन्हा अचूक आटे कातील, अशी आशा करू नये. वजनाचा मध्य हेडस्टॉकच्या बाजूला असतो. कॅरेज व टेलस्टॉक उजव्या टोकाला नेऊन पक्के केले म्हणजे तोल थोडा सावरतो. मात्र गंज लागू नये म्हणून लावलेले जाड ग्रीस रॉकेलने धुऊन, तेल लावल्याशिवाय कॅरेज हलवू नये. त्या ग्रीसमध्ये प्रवासातील वाळू रुतलेली असते आणि ती मार्गावर ओरखडे पाडते.

स्टँडचा विषय अधिक महत्त्वाचा आहे. मोठ्या लेथला बिडाचे ओतीव पाय कारखान्यातूनच येतात. लहान लेथ मात्र पत्र्याच्या वाकवून केलेल्या स्टँडवर किंवा मालकाने कोनपट्ट्या जोडून केलेल्या चौकटीवर बसते, आणि बेड व स्टँड यांच्यामध्ये किस गोळा करण्यासाठी पत्र्याचे तबक असते. वेल्डिंग करून तयार केलेली चौकट थंड होताना हमखास वाकडी होते. तिच्या माथ्यावरील चार टेकू एका पातळीत असतील, असे गृहीत धरणे हा निव्वळ आशावाद होय. पत्र्याचे तबक बोल्टाखाली दबते आणि काही दिवस दबतच राहते. अशा वेळी बेडच्या प्रत्येक पायाखाली तबकाला भोक पाडून जाड पोलादी ठोकळा बसवावा, म्हणजे बेडचे वजन पत्र्यावर न येता थेट चौकटीवर येते. स्टँडमध्ये वजन असावे. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवल्याने हलकी चौकट लक्षणीयरीत्या शांत होते. एवढे करूनही स्टँड जमिनीवर टेकतो तेथे चार पायांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, म्हणून स्टँडच्या पायांना उंची कमीजास्त करणारे स्क्रू असणे चांगले.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या फेरीत स्टँड किंवा पाय जमिनीवर सर्व ठिकाणी टेकवून, साध्या पाणसळीने यंत्र डोळ्यांना आडवे दिसेल इतपत आणावे. या टप्प्यावर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्यानंतर बेडला स्टँडवर धरणारे सर्व बोल्ट सैल करावेत आणि पायांखाली फटी आहेत का ते पाहावे. फटीची जाडी मोजण्यासाठी फीलर गेजच्या पोलादी पट्ट्या मिळतात. ज्या पायाखाली पट्टी शिरते, त्याच्याखाली त्याच जाडीचे पॅकिंग घालावे. पॅकिंग पितळी किंवा पोलादी पत्र्याचे असावे. पुठ्ठा, रबर किंवा लाकूड बोल्टाखाली चेपत जाते. हा साधा उपाय पुस्तकांमध्ये अनेकदा वगळला जातो. आमच्या मते मात्र भारी पाणसळ नसलेल्या माणसासाठी याहून उपयुक्त दुसरे काही नाही. बेड सैल असताना जसा पडून राहतो, तसाच तो आवळल्यानंतरही राहावा, हे यात साधते.

पाणसळ उपलब्ध असेल, तर पुढची पायरी घ्यावी. हेडस्टॉककडील टोक अधिक जड व अधिक ताठ असते, म्हणून ते आधार मानायचे. त्या टोकाजवळ पाणसळ बेडवर आडवी, म्हणजे पुढून मागे, ठेवावी आणि बुडबुडा कोणत्या घरावर आहे ते लिहून ठेवावे. मग ती तशीच, न उलटता, टेलस्टॉककडील टोकावर ठेवावी. दोन्ही ठिकाणी बुडबुडा एकाच घरावर आला, तर बेडला पीळ नाही. ते घर मधले असण्याची आवश्यकता नाही. फरक असेल, तर केवळ टेलस्टॉककडील पायांचे पॅकिंग बदलावे, बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पुन्हा पाहावे. बोल्ट सैल असतानाचे वाचन फसवे असते. आवळल्यानंतरचे तेवढे खरे. पुढचा व मागचा पाय यांत ३०० मिलिमीटर अंतर असेल, तर मीटरला ०.१ मिलिमीटर एवढा फरक काढण्यास हिशेबाने ०.०३ मिलिमीटरचे पॅकिंग लागते. प्रत्यक्षात स्टँडही थोडा दबतो, म्हणून अधिक लागते, आणि किती ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बहुतेक लेथच्या बेडवर छपरासारखे उतार असलेले मार्ग असतात व त्यांवर पाणसळ नीट टेकत नाही. तेव्हा ती कॅरेजवरील आडव्या सरकपट्टीच्या सपाट भागावर ठेवून कॅरेजच एका टोकाकडून दुसरीकडे न्यावी. या कामाला अर्धा दिवस लागला, तर तो वाया गेला असे समजू नये.

पाणसळीचा कौल मिळाल्यावरही अंतिम निकाल कातलेल्या धातूनेच द्यायचा असतो. चाळीसेक मिलिमीटर व्यासाची पोलादी सळई चकमध्ये अशी धरावी, की ती सुमारे १५० मिलिमीटर बाहेर राहील. टेलस्टॉकचा आधार देऊ नये, नाहीतर टेलस्टॉकचा स्वतःचा दोष या परीक्षेत मिसळेल. मधला भाग थोडा बारीक करून चकजवळ एक आणि मोकळ्या टोकाला एक अशी दोन कडी ठेवावीत. मग अतिशय धारदार हत्याराने, अगदी हलक्या कापाने, हत्याराची स्थिती न बदलता दोन्ही कडी एकाच फेरीत कातावीत आणि मायक्रोमीटरने मोजावीत. सळई जाड घेण्याचे कारण असे, की हत्याराच्या दाबाने मोकळे टोक मागे वाकते. व्यास निम्मा केला तर हे वाकणे सोळापट होते, आणि वाकल्यामुळे टोकाचे कडे मोठे राहते. तो दोष पिळाचा समजून बेड पिळत बसण्याची चूक सहज घडू शकते.

मोकळ्या टोकाचे कडे मोठे निघाले, तर हत्यार तेथे वस्तूपासून दूर गेले आहे, म्हणजेच बेडची टेलस्टॉककडील पुढची बाजू खाली आहे. तिच्या पायाखाली पॅकिंग वाढवावे. कडे लहान निघाले, तर मागच्या पायाखाली वाढवावे. दर वेळी बोल्ट आवळून पुन्हा एक हलका काप घ्यावा. पाणसळीने पीळ नाही असे सांगितले, सळई जाड आहे, हत्यार धारदार आहे आणि तरीही कडी सारखी येत नाहीत, तेव्हा आणि तेव्हाच हेडस्टॉककडे संशयाने पाहावे.

हा क्रम काही कोणा एकाची लहर नव्हे. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये यंत्र-हत्यारांच्या अचूकतेच्या परीक्षांचे तक्ते प्रसिद्ध केले. तोपर्यंत चांगले लेथ कोणते, हा बराचसा विक्रेत्याच्या शब्दाचा विषय होता. श्लेसिंगर यांनी तो मोजमापाचा विषय केला. ते ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझी राजवटीत त्यांना अटक झाली, पुढे त्यांना देश सोडावा लागला आणि अखेरची वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये काढली. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या तक्त्यांचे तत्त्व मात्र पुढे देशोदेशींच्या मानकांत उतरले. हरिहर येथे १९४१ मध्ये स्थापन झालेली म्हैसूर किर्लोस्कर असो किंवा स्विस सहकार्याने १९५३ मध्ये बंगलोरला उभारलेला हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना असो, लेथबरोबर ग्राहकाला परीक्षा-तक्ता देण्याची प्रथा आपल्याकडेही रुजली. लेथच्या अशा तक्त्यात सुरुवातीलाच बेडची पाणसळ असते, कारण ती जुळल्याशिवाय पुढील कोणत्याही आकड्याला अर्थ राहत नाही. कारखान्यातून निघताना तक्त्यावर लिहिलेले आकडे आपल्या कर्मशाळेत तेव्हाच खरे ठरतात, जेव्हा आपण बेड त्याच स्थितीत बसवलेला असतो.

जुन्या यंत्राची गोष्ट थोडी निराळी. बटाला, राजकोट, लुधियाना अशा ठिकाणांहून वापरलेली लेथ लहान कारखानदार मोठ्या संख्येने घेतात. अशा यंत्रात हेडस्टॉकजवळचा मार्ग वर्षानुवर्षांच्या कामाने झिजलेला असतो, आणि पुढचा मार्ग मागच्यापेक्षा अधिक झिजतो. झिजलेल्या जागेवर ठेवलेली पाणसळ झीज आणि पीळ यांची बेरीज दाखवते. त्यामुळे शक्यतो ज्या मार्गावरून कॅरेज जात नाही, किंवा जेथे तिची ये-जा सर्वांत कमी असते, तेथे पाणसळ ठेवावी. काही कारागीर बेडला मुद्दाम थोडा पीळ देऊन झिजेची भरपाई करतात. एकाच लांबीचे काम वारंवार करणाऱ्याला ही तडजोड चालून जाते. ज्याच्याकडे रोज वेगळे काम येते त्याने तिच्या नादी लागू नये.

बैठक एकदा जमली की काम संपले, असेही नाही. नवे पॅकिंग दबते, जमिनीतील बोल्टांभोवतीचे सिमेंट आकसते, स्टँडचे सांधे आपली जागा घेतात. पहिल्या महिन्याच्या अखेरीस पाणसळ पुन्हा ठेवून पाहावी. दख्खनच्या पठारावर, माळव्यात व गुजरातच्या काही भागांत जमीन काळी असते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरची काँक्रीटची पातळ लादी तिच्याबरोबर वरखाली होते. अशा ठिकाणी लेथचा पाया काळी माती काढून, खाली मुरूम भरून केलेला असावा. तेवढे जमले नसेल, तर यंत्र जमिनीत बोल्टांनी पक्के न करता उंची कमीजास्त करणाऱ्या स्क्रूंच्या पायांवर उभे ठेवावे, आणि जूनच्या आरंभी व दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा बैठक तपासावी. तपासणीच्या दिवशी दोन्ही टोकांची वाचने हेडस्टॉकच्या दाराच्या आतल्या बाजूस तारखेसह लिहून ठेवावीत. दोन-तीन वर्षांत त्या आकड्यांवरून जमीन कोणत्या बाजूला किती हलते, ते कळू लागते.